खर्च कुणाच्या माथी?

माझ्या विहीणबाईंचा ठाम समज होता, की त्यांचं घराणं १०६६ साली विजेत्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून इंग्लंडात उतरलं. त्यांच्या दिवाणखान्यात आडनावाचं मानचिन्ह चौकटीत लावलेलं आहे. दोन सिंह, मधे तिरका पट्टा, खाली लॅटिन ब्रीद. कुठल्याशा जत्रेतल्या दुकानात आडनाव सांगितल्यावर लगेच छापून मिळालेलं. मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मुलीचं सासर इंग्लंडातल्या नॉर्विचचं, त्यामुळे उन्हाळ्यात आमचा मुक्काम तिकडे असतो. घराणं, वंश असं कुणी बोलायला लागलं की माझ्या डोक्यात वारसाची फेरफार नोंद उभी राहते, आणि फेरफाराला कागद लागतो. तसं म्हटल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मग तुम्हीच काढा शोधून. जन्मभर तेच केलंत ना?"

काढलं. नॉर्मंडीचा पत्ता लागला नाही. लागायचाही नव्हता, कारण हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमच्या बाजूनं कोण कोण होतं याची पुराव्यानं सिद्ध होणारी नावं जेमतेम पंधरा-वीस आहेत, आणि त्याच्या साथीदारांचे वंशज म्हणवणारे लोक मात्र गावोगाव भेटतात. मानचिन्हाचंही तसंच. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हा कारभार पाहतं, आणि ते स्वच्छ सांगतं की आडनावाला मानचिन्ह नसतं. ते एखाद्या माणसाला मिळतं आणि त्याच्या पुरुषवंशात उतरतं. हे मी विहीणबाईंना सांगितलं. चौकट अजून भिंतीवर आहे.

वारसनोंद करताना आपण मयतापासून खाली येतो. इथे उलटं, जिवंत माणसापासून एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक पायरीला कागद मागायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण माणसांची नावं ठेवलेली पहिली देशव्यापी जनगणना १८४१ ची. दर जनगणनेची घरोघरची पानं शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग सगळ्यांना उघडी करतात. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये उघडली. त्यात विहीणबाईंचे वडील तान्हं मूल म्हणून सापडले. १९३१ ची कधीच उघडणार नाही, कारण डिसेंबर १९४२ मध्ये हेज इथल्या गोदामात ती सगळी जळाली. बॉम्ब पडून नव्हे, साध्या आगीत. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे आता पुढची उघडायची ती १९५१ ची, २०५२ साली. हे सगळं तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं. वाचनालयात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला ते न विचारता सांगितलं.

१९११ च्या पानाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. त्याआधीच्या वर्षांत घरोघर भरून घेतलेले फॉर्म प्रगणक आपल्या वहीत उतरवून घ्यायचे आणि मूळ फॉर्म नष्ट व्हायचे. १९११ चे मूळ फॉर्मच राखले गेले, त्यामुळे घरातल्या कर्त्याचं स्वतःचं अक्षर पाहायला मिळतं. त्या वर्षी विवाहित बायकांना आणखी एक प्रश्न होता: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती हयात, किती गेली. विहीणबाईंच्या आजोबांच्या आईपुढे लिहिलंय: जन्मलेली नऊ, हयात सहा, मयत तीन. त्या तिघांपैकी दोघं दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेली. या रकान्यावाचून ती मुलं होती हे घरात कुणालाच कळलं नसतं. विहीणबाई त्या पानावर बराच वेळ थांबल्या. मानचिन्हासमोर त्यांना इतका वेळ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

मागे जाता जाता आजोबांचे आजोबा लागले. १८४१ ची वही पेन्सिलीनं लिहिलेली आहे आणि पुसट झाली आहे. पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता, त्यामुळे अडतीस वर्षांची बाई पस्तिशीची दिसते. व्यवसायाच्या रकान्यात शेतमजुरासाठी 'एजी लॅब' एवढंच लिहायची सूचना होती, आणि नॉर्विचभोवतीच्या नॉरफोक परगण्यातल्या खेड्यांत पानंच्या पानं तेवढ्याच अक्षरांनी भरली आहेत. १८५१ च्या जनगणनेत नेमकं वय आणि जन्मगाव मिळतं. तिथे एक अडचण दिसली. आई एका गावची आणि मुलगा दुसऱ्याच गावी जन्मलेला, दोन्ही डेरहॅमच्या आसपासची गावं. आणि त्याच्या लग्नाच्या दाखल्यात वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहायच्या जागेवर नुसती रेघ. सहीच्या जागी फुली, शेजारी 'त्याची खूण' अशी कारकुनाची नोंद. आपल्याकडे 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या अंगठ्याची, असं लिहायचो, तशातलाच प्रकार.

बाप नोंदलेला नाही, आणि जन्म आईच्या गावी नाही. महसुलात राहिलेल्या माणसाला अशा दोन त्रुटी एकत्र दिसल्या, की मधे कुठेतरी जबाब झालेला असणार हे कळतं.

असा जबाब कुठे ठेवत, ते आधी सांगतो. इंग्लंडमधल्या चर्चच्या गावाला, म्हणजे पॅरिशला, नोंदवही ठेवायला लावली ती आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं, १५३८ साली. दर रविवारी आठवड्याचे बाप्तिस्मे, विवाह, दफनं लिहायची. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे, एक चर्चच्या पंचांकडे. चुकल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. या पेटीत हळूहळू गावाचं बाकीचं दप्तरही जमत गेलं. त्यात गरीबपट्टीचे हिशेब असत, कारण १६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसणं गावावर आलं होतं आणि त्यासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसत होती. लगेच प्रश्न उभा राहिला: कुठला गरीब कुठल्या गावाचा? १६६२ च्या कायद्यानं प्रत्येक माणसाला एक हक्काचं गाव ठरवून दिलं. बापाचं गाव ते लेकराचं, नवऱ्याचं ते बायकोचं. पुढे, अविवाहित माणसानं एखाद्या गावात वर्षभराच्या करारावर पूर्ण वर्ष चाकरी केली, की तिथला हक्क मिळे. भाड्यानं वर्षाला दहा पौंडांची मिळकत घेतली तरी मिळे, पण ते शेतमजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. हक्क नसलेला माणूस गरजू झाला की दोन मॅजिस्ट्रेटांपुढे त्याचा जबाब घ्यायचा आणि हुकूम काढून त्याला त्याच्या गावाकडे रवाना करायचं.

नॉरफोकच्या गावांच्या पेट्यांतलं दप्तर सांभाळणारं अभिलेखागार आता नॉर्विचला काउंटी हॉलशेजारी आहे. पूर्वी ते शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात होतं. १ ऑगस्ट १९९४ ला ग्रंथालय जळालं, एक लाखाहून अधिक पुस्तकं गेली, तळघरातले अभिलेख वाचले. त्या वाचलेल्या दप्तरात आजोबांच्या आजोबांच्या आईचा १८२६ चा तो जबाब मिळाला. बाई तेवीस वर्षांची, घरकामाची चाकर, गरोदर. वयाच्या चौदाव्या वर्षी मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, एका शेतकऱ्याकडे चाकरीला राहिली. एकावन्न आठवडे काम केलं, मग धनी म्हणाला आठवडाभर घरी जा. परत आली, पुन्हा एकावन्न आठवडे. पुढच्या दोन घरीही हाच क्रम. वर्ष पूर्ण भरू द्यायचं नाही, म्हणजे गावावर हक्क सांगता येत नाही. वाचताना मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या नोकरीत एकोणतीस दिवसांच्या नेमणुका होत्या; तिसाव्या दिवशी खंड, एकतिसाव्या दिवशी नवा आदेश. कायद्याला बगल देणाऱ्याचं डोकं दोन्हीकडे सारखंच चालतं.

१७९५ च्या सुधारणेनं, माणूस प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत त्याला हाकलता येणार नाही असं ठरलं होतं. त्यातून ज्यांना वगळलं होतं, त्यांत होती अविवाहित गरोदर बाई. तिनं काही मागितलेलं नसलं तरी तिला गावावरचा भार समजायचं. कारण उघड आहे. अनौरस मुलाचं हक्काचं गाव म्हणजे जिथे ते जन्मेल ते. तेव्हा बाळंतपणाआधी तिला वेशीबाहेर काढलं, की आईही गेली आणि मूलही गेलं. या बाईच्या रवानगीचा हुकूम निघालेला आहे: छापील नमुना, मधल्या रिकाम्या जागा शाईनं भरलेल्या. पण मूल आधी झालं. गावाच्या हिशेबवहीत सुईणीचे पैसे खर्ची पडले आहेत. मग काही आठवड्यांनी गाडीभाडं खर्ची पडलं आहे. बाई बाळासह माहेरच्या गावी पोचवली. आणि यानंतरची काही वर्षं, पहिलं गाव दुसऱ्या गावाला त्या मुलाचे पैसे पाठवतं आहे, कारण सात वर्षांखालचं मूल आईपासून तोडायचं नाही पण पोसायचं मात्र त्याच्या गावानं, असा नियम होता. दोन्ही वह्यांत त्याची नोंद. एकीकडे जावक, दुसरीकडे आवक. ताळा जुळतो.

लग्नाच्या दाखल्यात रेघ असलेला बापही या पेटीतच निघाला. अशा बाईला शपथेवर नाव विचारत आणि त्या पुरुषाला आठवड्याला ठरावीक रक्कम भरायचा हुकूम देत. नैतिकतेचा देखावा केला तरी हेतू गरीबपट्टी वाचवण्याचा. शेजारच्या गावातल्या पवनचक्कीवरचा गडी होता. काही महिने त्यानं दीड शिलिंगप्रमाणे भरले, मग फरार. त्याच्या नावाचं वॉरंट आहे, पुढे काही नाही. आजोबांच्या आजोबांना स्वतःच्या दाखल्यात जे लिहिता आलं नाही किंवा लिहायचं नव्हतं, ते दोनशे वर्षांनी परदेशातला एक निवृत्त माणूस वाचतो आहे, याचं मला क्षणभर ओशाळवाणं वाटलं. पण वाचलं.

पुढे ती बाई म्हातारपणी ग्रेसेनहॉलच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन काम करायला लावणाऱ्या संस्थेत, वारली. १७७७ मध्ये बांधलेली ती लाल विटांची प्रचंड वास्तू आजही उभी आहे. तिथे आता संग्रहालय आहे, शाळांच्या सहली येतात. वर्कहाउसचा कलंक इतका होता, की १९०४ पासून तिथे जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर संस्थेचं नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता घालायची सूचना निघाली. विहीणबाई शिक्षिका असताना आपल्या वर्गाला घेऊन त्या संग्रहालयात कैकदा गेलेल्या. आपली कुणी आत वारली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माझं मत यातून पक्कं झालं. जुना कागद हातात आला की तो कुणी, कशासाठी आणि कुणाचा खर्च वाचवायला लिहिला हे आधी पाहावं. इंग्लंडच्या गरिबांचा इतिहास कुणी प्रेमानं लिहून ठेवलेला नाही. तो पट्टी वाचवायला लिहिला गेला. १७८३ मध्ये प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला, गरिबांना माफ. मग काही वह्यांत गरीब असल्याची खूण एकदम वाढते. लोक रातोरात कंगाल झाले नव्हते. लोकरीचा धंदा चालावा म्हणून मेलेल्या माणसाला लोकरीच्या कापडातच पुरायचं, आणि तसं पुरल्याचं शपथपत्र द्यायचं, असा कायदा सतराव्या शतकात झाला. तीही शपथपत्रं आहेत. घरातल्या चुलाणांवरसुद्धा कर होता, १६६२ ते १६८९, दर चुलाणामागे वर्षाला दोन शिलिंग. कुणाच्या घरात किती चुलाणं, याच्या याद्या आज संशोधक डोळ्यांत तेल घालून वाचतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांना पुढच्या पिढ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तरी कागद राहिला म्हणून एका मोलकरणीची कैफियत, तिच्या तोंडच्या क्रमानं, मिळाली.

तारखांचा घोळ थोडक्यात सांगतो, कारण हौशी लोक तिथेच फसतात. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे एप्रिल १७३० ला लग्न आणि फेब्रुवारी १७३० ला बाप्तिस्मा दिसला तर भुवया उंचावू नयेत. फेब्रुवारी नंतरचा आहे. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली. ब्रिटनचं कर-वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ या गाळलेल्या दिवसांत आहे.

या शोधात एक धागा आपल्याकडेही आला. त्या बाईचा धाकटा भाऊ कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या पलटणीत भरती झाला आणि पुण्याच्या छावणीत वारला. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्यात त्याचं नाव, वय, पलटण, दफनाची तारीख असं सगळं आहे. त्याच छावणीतले पखाली, मोतद्दार, डोलीवाले त्या वहीत नाहीत. ते कुणाच्याच हिशेबी नव्हते. असते, अगदी खर्च टाळण्यापुरते जरी असते, तरी आज त्यांच्या नातवंडांच्या हाती काही लागलं असतं.

डीएनए चाचण्या आणि संगणकावरच्या तयार वंशावळींबद्दल मला फारसा आदर नाही. एकानं चुकीचा बाप जोडला की शंभरजण तो उतरवून घेतात, आणि शंभर ठिकाणी दिसतो म्हणून तो खरा ठरतो. मूळ कागद लागतोच. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या न्याय मंत्रालयानं जुन्या मृत्युपत्रांच्या संगणकीय प्रती काढून, नामवंतांची सोडून, मूळ कागद नष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला, वर्षाला ४५ लाख पौंड वाचतील म्हणून, तेव्हा इतिहासकार खवळले. योग्यच होतं. आज कोण नामवंत आहे हे ठरवणाऱ्याला उद्याचं काय कळतं? १८२६ च्या जबाबातली बाई तर कुणीच राखली नसती.

आता आपलं. २०२३ च्या अखेरीस निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या तहसिलांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकं, शाळांचे जनरल रजिस्टर, जुने फेरफार. मोडी वाचणारा मिळेना म्हणून धावाधाव झाली. मराठा आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. पण कोतवालानं जन्म-मृत्यूच्या वहीत कंटाळत लिहिलेली एक ओळ शंभर वर्षांनी एखाद्या घराचं भवितव्य ठरवू शकते, हे त्या वेळी अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. आणि मी जिथे नोकरी केली त्यांतल्या एका तालुक्यात अशा वह्यांचे रुमाल सोडले तेव्हा आत वाळवीची माती होती, हेही मी पाहिलं आहे.

जनगणनेचं तर त्याहून वाईट. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कुणालाही पाहायचा हक्क नाही, आणि या बंदीला मुदतच नाही. शंभर वर्षं नाहीत, दोनशे नाहीत. जिवंत माणसासाठी ही गुप्तता हवीच. ती नसेल तर लोक खरं सांगणार नाहीत, आणि जात विचारली जाणार असेल तेव्हा तर ती दुपटीनं हवी. ब्रिटननंही जपली आहे. १९११ ची पानं २००९ मध्ये थोडी आधी खुली केली, तर आजार-अपंगत्वाचा रकाना मात्र २०१२ पर्यंत झाकून ठेवला. पण शंभर वर्षांनी कुणाची गुप्तता राखायची असते? माझे पणजोबा शंभर वर्षांपूर्वीच्या प्रगणकाला काय म्हणाले, घरात कोण कोण होतं, कोण शिकलेलं होतं, हे विचारायचा मला अधिकार नाही. विहीणबाईंना आजोबांच्या आजोबांच्या मोलकरीण आईपर्यंत जाता येतं. मला माझ्या आजोबांच्या घराचं पानसुद्धा मागता येत नाही.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. देशाची ही पहिली डिजिटल जनगणना, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांच्या जातीची नोंद. साठवायला गोदाम लागणार नाही, वाळवी लागायचा प्रश्न नाही. कलम १५ मध्ये एका पोटकलमाची भर पुरेशी आहे: घरनिहाय नोंदी शंभर वर्षं पूर्ण गुप्त राहतील, त्या काळात नष्ट केल्या जाणार नाहीत, आणि त्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत सर्वांना खुल्या होतील. यासाठी पैसा लागत नाही, एक दुरुस्ती विधेयक लागतं. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एवढं एक पत्र लिहा, आणि ते जनगणनेचे निकाल जाहीर होण्याआधी लिहा.